खुर्चीची ढलपी

३ फेब्रुवारी

भाचीला मामूचा सलाम.

फोनवर मला ऐकू येत नाही, आणि तू ओरडून बोललीस की तुझ्या सासूला वाटतं आपलं भांडण चाललंय. म्हणून कागद. पाल्हाळ लावत नाही. इथली एक गंमत सांगतो आणि कामाला लागतो.

इमामसाहेब थंडीच्या सुरुवातीला गेले, ते तुला कळवलंच होतं. त्यांची खुर्ची आठवते ना, मशिदीच्या उजव्या कोपऱ्यातली? गुडघे चालेनात म्हणून तिच्यावर बसून नमाज पढायचे. ते गेले, खुर्ची तिथंच राहिली. मला वाटलं, कुणा म्हाताऱ्याच्या उपयोगी पडेल. कसलं काय. आधी एकानं येता-जाता तिला हात लावला. दुसऱ्यानं हात लावून तो डोळ्यांना लावला. मग कुणाचा तरी मुलगा परीक्षेत पास झाला आणि त्याच्या आईनं गावभर केलं की तिनं खुर्चीचा पाय धरला होता. मुलानं अभ्यास केला होता, ते कुणी विचारलं नाही.

आता तर कहर आहे. कमिटीचा अध्यक्ष, तो चपलांच्या दुकानवाला, त्यानं खुर्चीवर मखमल टाकली, भोवती दोरी बांधली आणि वर भिंतीला आयतुल कुर्सीची तसबीर टांगली. त्या आयतीत अल्लाहच्या कुर्सीचं वर्णन आहे, जिच्यात आकाश आणि जमीन दोन्ही मावतात. ही खुर्ची माझ्या दुकानात दुरुस्तीला येऊन पडायची. तिच्यात इमामसाहेबसुद्धा जेमतेम मावायचे.

आणि ती इमामसाहेबांची तरी कुठं राहिली आहे? पाठीच्या फळ्या न्हाव्याच्या मोडक्या खुर्चीच्या. मागचे पाय कुणाच्या तरी पलंगाचे. बसायची फळी माझ्या दुकानातली, रंग सांडलेली बाजू खाली केली आहे. जुना म्हणावा असा फक्त डावा हात. लोक चाकूनं ढलप्या काढून नेतात, त्याही मागच्या पायाच्या. त्या पलंगावर जे घोरले असतील त्यांना कळलं तर हसून मरतील.

हसलीस ना? बरं, तुझं मागचं पत्र तिरकं होतं. ओळी उताराला लागल्यासारख्या. दिवसभर लोकांच्या कपड्यांना रफू करतेस, टाका कुठं घातला ते मालकालाही सापडत नाही, आणि अक्षर असं? घाई होती का?

मामू


१४ फेब्रुवारी

मामूंना सलाम.

हसले. न्हाव्याच्या फळीपाशी तर यांनी आतून विचारलं, काय झालं म्हणून.

अक्षराचं तुम्हीच पकडलंत. घरात कुणी पकडलं नव्हतं. घाई नव्हती मामू. मला ओळ मधोमध वाकलेली दिसते. दाराची चौकट वाकलेली दिसते. माणसाच्या तोंडाकडे बघितलं की नाकाच्या जागी धूर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला बारीक भोक पडलंय. जन्मभर दुसऱ्यांच्या कोटांची भोकं बुजवली आणि माझंच भोक मला बुजवता येत नाही. दुकानात सांगितलं तर मालकीणबाईंना आधी हसूच आलं, मग त्या रडल्या.

उजवा डोळा लहानपणापासून नावापुरताच आहे, तुम्हाला ठाऊक आहे. जे काही आहे ते या डाव्यावर. मार्चच्या १९ तारखेला ऑपरेशन. भोक बुजतं बऱ्याच जणांचं, नजर किती परत येईल ते सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या. सुईत दोरा ओवता येईल का, विचारलं. त्यांनी कागदावर तारीख लिहून दिली.

एक काम आहे. यांना सांगितलेलं नाही. तुम्ही लिहिलंत, डावा हात जुना आहे. त्या हाताची एक ढलपी पाठवाल का? नखाएवढी चालेल. उशीखाली ठेवेन. तुम्ही रोज तिथं जाता, तुम्हाला कोण अडवणार?

तुमची भाची


२१ फेब्रुवारी

भाचीला सलाम.

ढलपी मिळणार नाही.

मी हसायला लिहिलं आणि तू त्यातून पत्ता उतरवून घेतलास. मी डाव्या हाताचं सांगितलं नसतं तर तू पलंगाच्या पायावरसुद्धा समाधान मानलं असतंस.

शाळा मी अर्ध्यात सोडली. मोठ्या गोष्टी मला येत नाहीत. पण नमाजच्या प्रत्येक रकातीत आपण म्हणतो ना, बंदगी फक्त तुझी, मदत मागतो ती फक्त तुझ्याकडे. तूही म्हणतेस. तोंडातले ते शब्द वाळायच्या आत सलाम फेरून सुताराच्या लाकडाकडे वळायचं? हजरत इब्राहीम आपल्या लोकांना काय विचारत होते? जे हातानं घडवता त्याच्यापुढंच वाकता? ती गोष्ट आपल्याला इमामसाहेबांनीच सांगितली, आणि आता त्यांच्याच खुर्चीचं हे चाललंय. मला तर ती गोष्ट दुप्पट लागते. घडवणारा मीच आहे.

समजा, अख्खी खुर्ची त्यांची असती, एकही खिळा बदललेला नसता, तरी दिली नसती.

डॉक्टरीणबाईंचं ऐक. औषध वेळेवर घाल. डोळ्याचं जे व्हायचं ते होईल, अक्कल तरी शाबूत ठेव.

मामू


२ मार्च

मामूंना सलाम.

तुमचं पत्र मिळालं. ढलपीचं राहू द्या.

मी कशापुढं वाकायला मागितली नव्हती. अम्मी गेली त्या दिवशी तुम्ही सगळे तिला घेऊन कब्रस्तानात गेलात. इमामसाहेब जनाज्याची नमाज पढवून मागं राहिले होते, त्यांना चालवत नव्हतं. मी मशिदीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी आत बोलावलं. ते खुर्चीवर, मी खाली. त्या डाव्या हाताला धरून मी तुम्ही परत येईपर्यंत रडले. त्यांनी मध्ये एकदा फक्त पाणी मागवलं, माझ्यासाठी. एवढंच. म्हणून तो हात मागितला.

अल्लाहकडे मी मागते मामू. रोज मागते. पण मी कोण? कपडे शिवणारी बाई. माझा आवाज पोचत असेल का, ही शंका जात नाही. त्यांचा पोचत असणार. त्यांच्या वस्तूला धरून मागितलं तर माझंही ऐकू जाईल, असं वाटलं. तुम्हाला हे अक्कल गहाण टाकल्यासारखं वाटत असेल.

ऑपरेशन झाल्यावर आठवडाभर पालथं राहायचं आहे. डोळ्यात हवेसारखं काहीतरी भरतात, ते मागच्या पडद्याला टेकून राहावं म्हणून तोंड सतत जमिनीकडे. जेवायचं तसंच, झोपायचं तसंच. उशीवर करून बघितलं. जीव घुसमटतो. यांनी दोन उशांमध्ये फट ठेवली, ती झोपेत बुजली. बघू.

तब्येत सांभाळा.

भाची


९ मार्च

भाचीला सलाम.

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग पटाशी खिशात घातली आणि मशिदीत गेलो.

हो, ढलपी काढायलाच. तू पुढं वाच.

दुपारची नमाज झाली होती, माणसं पांगली होती. दोरी ओलांडली, खुर्चीच्या डाव्या बाजूला गुडघ्यावर बसलो. पटाशी लावली. लाकूड चांगलं आहे, जुना साग आहे, तुझा हात जिथं होता तिथं गुळगुळीत झालंय. एक ठोका पुरे होता. मनात म्हटलं, पोरीचं मन राहील, कुणाचं काय जातंय.

हात उचलला आणि तुझीच ओळ आठवली. माझा आवाज पोचत असेल का. ढलपी दिली तर मी तुला काय सांगणार होतो? की बाई, तुझं खरं आहे, तुझा पोचत नाही, हे घे लाकूड. मामूनंच सांगितलं असतं ना तसं? हात खाली घेतला.

पटाशी परत खिशात घातली आणि उठायला गेलो, तर उठवेना. गुडघा अडकला. तुला कधी बोललो नाही, वर्ष झालं, कपाळ टेकून सजद्यातून उठताना डोळ्यांपुढं तारे चमकतात. शेजारचा खांब धरून उठतो. इथं खांब लांब. मग काय, त्याच डाव्या हाताला धरलं, जोर लावला, आणि कसाबसा वर आलो तो थेट खुर्चीत. मखमलीसकट.

आणि अध्यक्ष आत आला.

त्याचं तोंड बघायला तू हवी होतीस, वाकडं दिसलं असतं तरी चाललं असतं. म्हणाला, "उस्ताद, उठा. ही बसायची खुर्ची नाही."

मी म्हटलं, "उठता येत असतं तर बसलो असतो का?"

त्यानं माझ्या गुडघ्याकडे बघितलं. मग हळूच विचारलं, फार दुखतंय का? म्हटलं, हो. हे दुखणं त्याच्यासमोर पहिल्यांदा बोललो. तो माणूस वाईट नाही. इमामसाहेबांच्या शेवटच्या आजारात पथ्याचं जेवण त्याच्याच घरून यायचं. त्याला त्यांची आठवण येते आणि ती कुठं ठेवावी ते कळत नाही, म्हणून मखमल. तुझंही तेच आहे, हे मला आधी कळायला हवं होतं. चार शब्द जास्त कडक लिहिले.

तिसऱ्या प्रहरची अजान झाली. मी तिथंच बसून नमाज पढलो. इतकी वर्षं त्या खुर्चीला खिळे ठोकले, तिच्यावर बसून नमाज कधी पढलो नव्हतो. अभिमान आडवा यायचा. ज्याला बसायची गरज त्यानं बसावं एवढ्यासाठी ती केली होती. तुझ्या डोळ्यासाठी मागितलं. सरळ मागितलं, कुणाचा वशिला लावला नाही. पोचलं का ते मला विचारू नकोस, ते त्याचं काम.

तुला मात्र एक विचारतो. तो आपल्या गळ्याच्या शिरेहून जवळ आहे, हे कुराणात आहे, इमामसाहेब सारखं सांगायचे. मग मध्ये खुर्ची कुठं बसवायची? सुतार म्हणून सांगतो, तेवढी फटच नाही. माझ्यासाठी नाही, त्यांच्यासाठी नव्हती, तुझ्यासाठीही नाही. इमामसाहेब जवळ होते ते मोठे होते म्हणून नाही. तो सगळ्यांना सारखाच जवळ आहे, कारण तो एकच आहे. दोन असते तर एक जवळचा आणि एक लांबचा निघाला असता.

जास्त बोललो. आता कामाचं.

ट्रान्सपोर्टनं एक खोकं येईल. त्यात चौरंग आहे, उतार दिलेला, मध्ये चेहऱ्याएवढी गोल जागा कापली आहे. कपाळ वरच्या गादीवर टेकायचं, गाल बाजूंना, नाक-तोंड मोकळं. पलंगावर ठेव नाहीतर टेबलावर, पाय फिरवले की उंची बदलते. इथल्या हॉस्पिटलातल्या मदतनिसाला विचारून माप घेतलं, चेहरा माझाच वापरला, तुझं नाक माझ्यावर गेलंय. लाकूड फरशांच्या खोक्याचं. गादी मोटरसायकलच्या फाटक्या सीटमधली. त्यात काहीही पवित्र नाही, मी नीट तपासून घेतलंय.

मामू


२५ मार्च

मामूंना सलाम.

अक्षर माझं, जावयाचं. ती सांगते, मी लिहितो. ती पालथी आहे, मी तिच्या चौरंगाखाली कागद धरून दाखवतो की नीट लिहितोय म्हणून. तिला काहीच दिसत नाही, तरी दाखव म्हणते.

आता ती सांगते ते.

मामू, ऑपरेशन झालं. डोळ्यात हवा भरली आहे, हलली की पाण्यातून बघितल्यासारखं सगळं डुचमळतं. चौरंग बरोबर बसला. नाकाचं माप चुकलं नाही. हे म्हणतात, कपाळावर मोटरसायकलच्या सीटची नक्षी उमटली आहे. (उमटली आहे. जावई.) सासूबाई दर तासाला येऊन विचारतात, जिवंत आहेस ना?

पहिल्या दिवशी फार रडायला आलं, पण डोळ्यातून पाणी काढायचं नाही असं बजावलंय, म्हणून गिळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटलं, कपाळ टेकलंय, तोंड जमिनीकडे आहे, हा सजदाच नाही का? सजद्यात माणूस अल्लाहच्या सगळ्यात जवळ असतो, हे लहानपणी शिकलो. मला तर डॉक्टरीणबाईंनी आठवड्याचा लावून दिलाय. मग मागायला सुरुवात केली. आधी डोळा मागितला. मग यांची नोकरी, सासूबाईंचा खोकला, तुमचा गुडघा. मागून मागून संपलं. मग नुसतीच पडून राहिले. पोचलं का, हा विचार आला नाही मामू. विचारायला मध्ये कुणी नव्हतंच.

नमाज इशाऱ्यानंच पढते, वाकता-उठता येत नाही. शेवटच्या बैठकीला तेवढं एक बोट उचलते. तो एक आहे, एवढं म्हणायला बोट पुरतं. सासूबाईंना वाटलं मला काहीतरी हवंय. त्या धावत पाणी घेऊन आल्या.

(मामू, तुम्हाला काळजी वाटेल म्हणून सांगतो, डॉक्टरीणबाई काल बघून गेल्या. अजून काही सांगत नाहीत. हवा जिरायला वेळ लागतो म्हणाल्या. तिला हे वाचून दाखवणार नाही.)


४ एप्रिल

दोघांना सलाम.

जावई, तू कंसात लिहिलेलं मी वाचलं. माणसानं एवढं साधं लिहावं. बरं केलंस.

इकडचं सांगतो. मी रोज त्या खुर्चीवर नमाज पढायला लागलो. पहिले दोन दिवस लोक कुजबुजले. तिसऱ्या दिवशी घड्याळदुरुस्तीवाला आला, त्याची कंबर गेली आहे, मला म्हणाला, उस्ताद, तुमचं झालं की मला द्या. म्हटलं, नंबर लावून नमाज होत नाही, मी दुसरी करतो. दोन केल्या. तशाच, आडव्या फळ्यांच्या. खाचा पडलेला तो मागचा पायही बदलून टाकला. तिन्हींना एकच पॉलिश मारलं आणि मागच्या ओळीत ठेवल्या.

आता गंमत ऐक. झाडलोट करणाऱ्यानं त्या हलवल्या, आणि इमामसाहेबांची कुठली ते कुणालाच ओळखता येईना. अध्यक्षानं मला बाजूला घेऊन विचारलं. मला एका नजरेत कळतं. सांगितलं नाही. म्हटलं, ज्याचे पाय दुखतात त्याची. तो मखमल घडी करून घरी घेऊन गेला. दोरी मला दिली, दुकानात कामाला आली. तसबीर भिंतीवरच आहे. ती राहू दे, आयत आहे, खुर्चीची जाहिरात नाही आता.

काल तो स्वतः एका खुर्चीवर बसलेला दिसला. पाठ धरली होती म्हणे. कुठल्या खुर्चीवर बसला होता ते मी बघितलं. तुलाही सांगत नाही.

पोरी, डोळ्याचं कळव. बरं असो की वाईट, सरळ कळव.

मामू


६ मे

मामूंना सलाम.

माझ्या हातचं अक्षर आहे. ओळ बघा, उतरली का? मला तरी सरळ दिसते.

भोक बुजलं. बाईंनी यंत्रातून दाखवलं, रफूसारखंच, कडा आतल्या आत ओढल्या गेल्यात. मधोमध अजून एक बारीक सुरकुती आहे, चौकट तिथं किंचित वाकते. ती राहील म्हणाल्या. बारीक रेशमाचं काम आता नाही जमायचं. मालकीणबाईंनी मला लोकरीचं आणि जाड कोटांचं काम दिलंय. सुईत दोरा ओवते, मोठ्या नाकाच्या. पहिल्यांदा ओवला तेव्हा दुकानात सगळ्या आपापल्या कामात असल्यासारखं करत होत्या.

पण मामू, तुम्ही तिकडं खुर्ची मोडीत काढलीत आणि इकडं चौरंग वर चढला. सासूबाईंनी सगळ्या आळीत सांगितलं, मामूंनी सजदे करून करून लाकूड पाठवलं, त्यानं डोळा बरा झाला. मी म्हटलं, फरशांच्या खोक्याचं आहे. त्या म्हणाल्या, फरशी म्हणजे जमीन, जमीन म्हणजे सजदा. एक दिवस बघते तर चौरंगावर धुतलेली चादर घातलेली.

काल समोरची बाई आली. तिच्या भावाला हेच ऑपरेशन सांगितलंय. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली, मग हळूच म्हणाली, "त्या लाकडाचा तुकडा मिळेल का? नखाएवढा चालेल."

मामू, शब्दनशब्द माझाच. हसावं की काय करावं. मी चादर काढली, चौरंग तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, तुकडा नाही, अख्खा घेऊन जा. पाय फिरवले की उंची बदलते. गादी उन्हात घाल, मोटरसायकलची आहे. भावाचं नाक मोठं असेल तर कापून घे. ती खट्टू झाली. कपडे आणायला गेलेल्याच्या हातात भाजी ठेवावी तसं तोंड. म्हणाली, म्हणजे यात काही नाही? म्हटलं, मान अवघडत नाही, एवढं आहे.

मग तिनं विचारलं, "मग मी मागू कुणाकडे?"

तुमचं ते गळ्याच्या शिरेचं सांगावं असं मनात होतं. पण ती रडवेली होती, आणि मला तुमच्यासारखं बोलता येत नाही. मी नुसतं बोट वर केलं. एक.

तर ती वर छताकडे बघायला लागली. म्हणून मीही बघितलं. छताच्या कोपऱ्यात कोळिष्टक होतं, एक धागा सुटून हलत होता.

मामू, मला तो धागा दिसला.

भाची